भूकंपाच्या ऊर्जेचा हिशेब कसा मांडावा : टेबलावरच्या विटेपासून घराच्या खांबापर्यंत

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातही कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांत जमीन हलल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, किती रिश्टरचा होता?" आकडा सांगून हा प्रश्न मिटत नाही, कारण त्या आकड्यामागे ऊर्जेचा एक संपूर्ण प्रवास असतो. ती खडकात वर्षानुवर्षे साठते, काही सेकंदांत सुटते, तिचा मोठा हिस्सा जागच्या जागी उष्णतेत खर्ची पडतो, उरलेली ऊर्जा लाटांच्या रूपाने निघते, वाटेत विरत जाते, मातीत शिरताना आपली चाल बदलते, आणि शेवटी जे काही उरते ते आपल्या घराला कुठेतरी जिरवावे लागते. हा सारा जमाखर्च स्वतःच्या हाताने मांडता येतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून मी तो ज्या पद्धतीने करून घेतो, ती पद्धत येथे क्रमाने दिली आहे. त्यासाठी लॉगॅरिदम काढता येणारा कॅल्क्युलेटर आणि एक मोकळी दुपार पुरते.

टेबलावरचा भूकंप

सुमारे दीड मीटर लांबीची सपाट फळी घेऊन तिच्यावर जाड दाण्याचा पॉलिश पेपर घट्ट चिकटवावा. भट्टीची एक लाल वीट, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी मऊ ताणाची स्प्रिंग, सामान तोलण्याचा स्प्रिंगकाटा, न ताणणारी दोरी आणि मोजपट्टी एवढे साहित्य लागते. स्प्रिंगऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी वापरण्याचा मोह होतो. परंतु रबर ताणताना आणि सैल होताना स्वतःच ऊर्जा खाते, त्यामुळे हिशेब जुळत नाही. प्रथम स्प्रिंग टांगून तिला एक, दीड, दोन किलोची वजने लावावीत आणि प्रत्येक वेळी ती किती ताणली जाते हे वहीत लिहावे. सोयीसाठी एक किलो वजन म्हणजे दहा न्यूटन बल धरायला हरकत नाही.

आता वीट पॉलिश पेपरवर ठेवून तिला स्प्रिंग, स्प्रिंगला काटा आणि काट्याला दोरी जोडावी, आणि दोरीचे टोक फळीच्या दुसऱ्या कडेला बसवलेल्या खुंटीवर अगदी सावकाश गुंडाळत जावे. घाई केली तर प्रयोग फसतो. वीट हलत नाही, स्प्रिंग मात्र लांबत जाते, काट्यावरचा आकडा चढत जातो, आणि मग एका क्षणी 'खर्रर्र' असा आवाज करत वीट पुढे सरकते आणि थांबते. खुंटी त्याच क्षणी थांबवून दोन गोष्टी मोजाव्यात : सरकण्यापूर्वी काट्याने दाखवलेला सर्वांत मोठा आकडा आणि वीट किती सेंटिमीटर सरकली ते अंतर. त्यानंतर वीट हाताने एकसारख्या वेगाने ओढत राहून चालत्या विटेला किती बल लागते हेही काट्यावर पाहावे. ते नेहमी आधीच्या आकड्यापेक्षा कमी भरते.

माझ्या टेबलावर एकदा आलेले आकडे नमुन्यादाखल घेऊ. वीट १.८ किलोला सुटली, म्हणजे १८ न्यूटन. तेव्हा स्प्रिंग १२ सेंटिमीटर ताणलेली होती. वीट ७.५ सेंटिमीटर सरकली. चालत्या विटेचे घर्षण १.२ किलो, म्हणजे १२ न्यूटन होते. स्प्रिंगमधील ऊर्जा म्हणजे बल गुणिले ताण, आणि त्याचे निम्मे. त्यानुसार सरकण्यापूर्वी स्प्रिंगमध्ये १.०८ ज्यूल ऊर्जा होती. सरकल्यानंतर ४.५ सेंटिमीटर ताण शिल्लक राहिला, त्याची ऊर्जा ०.१५ ज्यूल. सुटलेली ऊर्जा झाली ०.९३ ज्यूल. घर्षणाने खाल्ली ती १२ न्यूटन गुणिले ०.०७५ मीटर, म्हणजे ०.९० ज्यूल. उरले ०.०३ ज्यूल, म्हणजे जेमतेम तीन टक्के. त्यातच तो आवाज आणि फळीची थरथर आली. ही बाकी इतकी लहान आहे की आपल्या मोजण्यातली चूकही तेवढीच असू शकते, त्यामुळे 'तीन टक्के' हा आकडा धरून बसू नये. धरून ठेवायचे ते एवढेच, की सुटलेल्या ऊर्जेपैकी बहुतेक सारी घर्षणात गेली आणि थरथरीच्या वाट्याला चिमूटभर आली.

आणखी दोन गोष्टी न चुकता पाहाव्यात. एक म्हणजे स्प्रिंग पूर्ण सैल झालेली नाही, तिच्यात ताण उरला आहे. दुसरी म्हणजे वीट उचलल्यावर पॉलिश पेपरवर दिसणारा लाल भुगा. हा भुगा बोटाने चोळून पाहावा. विटेचे कण फुटले, नवे पृष्ठभाग तयार झाले, आणि त्यासाठीही ऊर्जा खर्च झाली. खऱ्या भ्रंशाच्या, म्हणजे जिच्यावर खडक सरकतो त्या भेगेच्या, दोन कातळांमध्ये असाच दळलेल्या खडकाचा थर सापडतो.

विटेकडून खडकाकडे

१८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, तेव्हा सॅन अँड्रियास भ्रंश ओलांडणारी कुंपणे आणि रस्ते मधोमध तुटून काही ठिकाणी सुमारे सहा मीटर बाजूला सरकलेले आढळले. भूकंपापूर्वीच्या आणि नंतरच्या जमीन-मोजण्या शेजारी ठेवून अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी फिल्डिंग रीड यांनी १९१० मध्ये असे मांडले, की खडक स्प्रिंगसारखे हळूहळू वाकत जातात, भ्रंशावरचे घर्षण त्यांना धरून ठेवते, आणि ते घर्षण हरले की खडक झटक्याने सरळ होतात. आपण टेबलावर केले ते हेच. आपल्याकडे खुंटी गुंडाळण्याचे काम भारतीय भूपट्ट करतो; तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत हिमालयाला भिडतो आहे आणि त्या दाबाचा काही अंश दख्खनच्या पोटातही साठत राहतो. महाराष्ट्रात ही साठवण फार सावकाश होते, म्हणून एखाद्या ठिकाणी कित्येक पिढ्यांना भूकंपाची आठवणच नसते.

कोयनेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो याच फळीवर दूर करता येतो. विटेला वरून दोरा बांधून ती किंचित उचलून धरावी, पूर्ण उचलू नये, आणि पुन्हा खुंटी गुंडाळावी. वीट आता कमी ताणालाच सुटते. खोल भेगांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब कातळाच्या दोन बाजूंना असाच एकमेकींपासून सोडवू पाहतो आणि घर्षण सैल करतो. कोयनेचा जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे ६.३ महत्तेचा (बातम्या जिला 'रिश्टर' म्हणतात त्या मापाचा) भूकंप झाला, हे खरे. पण त्या भूकंपाची ऊर्जा धरणातल्या पाण्याची नव्हती. पाण्याने चाप ओढला, दारू खडकात आधीच भरलेली होती. हा भेद समजला नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकीच्या खात्यावर पडतो.

आता भ्रंशाचे माप काढू. त्यासाठी तीन संख्यांचा गुणाकार करायचा असतो : खडकाचा ताठरपणा, सरकलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि सरकण्याचे सरासरी अंतर. या गुणाकाराला भूकंप-आघूर्ण म्हणतात. खडकाचा ताठरपणा दर चौरस मीटरला सुमारे ३००० कोटी न्यूटन धरावा. उदाहरणासाठी १० किलोमीटर लांब व १० किलोमीटर खोल असा तुकडा ०.८ मीटर सरकला असे मानू. क्षेत्रफळ १० कोटी चौरस मीटर झाले, आणि गुणाकार येतो २४ वर सतरा शून्ये. कॅल्क्युलेटरवर या संख्येचा दहा पाया असलेला लॉगॅरिदम काढावा (१८.३८), त्यातून ९.१ वजा करावेत (९.२८) आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश घ्यावेत. उत्तर ६.२ च्या अगदी जवळ येते. थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी १९७९ मध्ये मांडलेली आघूर्ण-महत्ता ती हीच; आज वेधशाळा मोठ्या भूकंपांसाठी जो आकडा देतात तो बहुधा याच मापाचा असतो, जरी बातम्यांमध्ये त्याला सवयीने 'रिश्टर' म्हटले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला झालेला भूकंप ६.२ महत्तेचा होता.

लाटांच्या रूपाने बाहेर पडलेली ऊर्जा या आघूर्णाच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी असते. म्हणजे आपल्या उदाहरणात १२ वर तेरा शून्ये इतके ज्यूल.

घर्षणाच्या खात्यावर काय जाते?

येथे थोडे थांबावे, कारण बहुतेक पुस्तके या खात्याला एका वाक्यात उरकतात आणि खरी गंमत तर येथेच आहे. समजा सरकताना भ्रंशावरचे घर्षण दर चौरस मीटरला एक हजार टन वजनाइतके, म्हणजे एक कोटी न्यूटन होते. खडक ०.८ मीटर सरकला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ८० लाख ज्यूल उष्णता तयार झाली. खोलीतल्या तापमानाचे सुमारे २५ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढी उष्णता पुरते, आणि ती तयार होते दोन-चार सेकंदांत. सरकण्याचा थर जर फक्त एक सेंटिमीटर जाडीचा असेल, तर त्या थरात दर चौरस मीटरमागे सुमारे २७ किलो खडक असतो, आणि त्याचे तापमान ३०० अंशांच्या आसपास वाढते. थर आणखी पातळ किंवा सरकणे आणखी लांब असेल तर खडक वितळतो. असे वितळून काचेसारखे थिजलेले काळे पट्टे जुन्या भ्रंशांमध्ये प्रत्यक्ष सापडतात.

संपूर्ण पृष्ठभागाची ही उष्णता होते ८ वर चौदा शून्ये ज्यूल. ती लाटांच्या ऊर्जेशेजारी लिहावी. लाटांच्या वाट्याला आठातला जेमतेम एक भाग येतो. घर्षण याहून जास्त धरले तर हा वाटा आणखी घटतो. अनेक अंदाजांत तो दहा टक्क्यांच्या आतच राहतो. जमिनीवर जो हाहाकार दिसतो तो त्या लहानशा वाट्याचा असतो.

ही उष्णता कधी कोणी मोजली आहे का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच. मोजली आहे. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपात समुद्रतळाजवळचा भ्रंश सुमारे ५० मीटर सरकला होता. त्यानंतर 'चिक्यू' या जहाजावरून जवळजवळ सात किलोमीटर पाण्याखालच्या समुद्रतळात ८०० मीटरहून अधिक खोल छिद्र पाडून त्या भ्रंशातच तापमापक सोडण्यात आले. दीड वर्षानंतरही भ्रंशाची जागा शेजारच्या खडकापेक्षा सुमारे ०.३ अंशाने गरम भरली. एवढ्या प्रचंड सरकण्याच्या मानाने हा फरक फार लहान होता, आणि त्यावरून तो भ्रंश सरकताना विलक्षण निसरडा झाला होता असा निष्कर्ष निघाला. भ्रंश निसरडा झाला की घर्षणाच्या खात्यावर कमी जाते आणि सरकणे लांबते. प्रत्येक भूकंपात ही वाटणी सारखी नसते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

महत्तेचा आकडा युनिटमध्ये कसा बदलावा

बातमीत फक्त महत्ता दिलेली असेल तर त्यावरून लाटांची ऊर्जा काढण्याची सोपी रीत अशी : महत्तेला दीडने गुणावे आणि त्यात ४.८ मिळवावेत, येणारी संख्या म्हणजे दहाचा घात, आणि उत्तर ज्यूलमध्ये. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते आणि दोनाने वाढली की १००० पट. ज्यूल डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून ३६ लाखांनी भागून विजेच्या बिलावरची युनिटे करावीत. महत्ता ३ चा धक्का येतो साधारण साडेपाचशे युनिटांचा, ४ चा साडेसतरा हजारांचा, ५ चा साडेपाच लाखांचा, आणि ६.२ चा सुमारे साडेतीन कोटी युनिटांचा.

नाशिककरांना याहून जवळचे माप एकलहऱ्याचे आहे. तेथील औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट. हे केंद्र पूर्ण क्षमतेने तीन सेकंद चालले तर महत्ता ३ च्या धक्क्याइतकी ऊर्जा होते, १०० सेकंद चालले तर महत्ता ४ इतकी. किल्लारीच्या लाटांची ऊर्जा म्हणजे त्याचे सुमारे सव्वादोन दिवसांचे काम, आणि २६ जानेवारी २००१ च्या ७.७ महत्तेच्या भूजच्या भूकंपाची ऊर्जा म्हणजे वर्षाहून जास्त. विद्यार्थी येथे गोंधळतात. किल्लारीने सुमारे दहा हजार माणसे नेली आणि तिची ऊर्जा सव्वादोन दिवसांच्या विजेएवढीच? एवढीच. पण भ्रंशावरची फूट सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने पसरते, त्यामुळे दहा किलोमीटरचा तुकडा तीन-चार सेकंदांत मोकळा होतो. सव्वादोन दिवसांचे काम तीन-चार सेकंदांत, तेही जमिनीच्या पृष्ठभागापासून थोड्याच किलोमीटरांवर आणि गणेशविसर्जन आटोपून गाढ झोपलेल्या गावांच्या खाली.

याच हिशेबाने एका समजुतीची तपासणी करावी, कारण ती धोक्याची आहे. 'लहान लहान धक्के बसून गेले की बरे, ऊर्जा निघून जाते आणि मोठा भूकंप टळतो', असे पारावर आणि समाजमाध्यमांवर छातीठोकपणे सांगितले जाते. किल्लारीइतकी ऊर्जा महत्ता ४ च्या धक्क्यांनी रिती करायची तर दोन हजार धक्के लागतील, आणि महत्ता ३ च्या धक्क्यांनी करायची तर साठ हजारांहून अधिक. निसर्गात मात्र महत्ता एकाने उतरली की धक्क्यांची संख्या साधारण दहा पटच वाढते, ३२ पट नव्हे. म्हणून लहान धक्क्यांची बेरीज मोठ्याच्या जवळपासही जात नाही. एखाद्या प्रदेशातल्या ऊर्जेचा बहुतेक हिशेब त्याचे मोजके मोठे भूकंपच चुकता करतात. लहान धक्क्यांमुळे निर्धास्त होण्यास कोणताही आधार नाही.

मोठ्या धक्क्यानंतरचे उत्तरधक्के हा त्याच हिशेबाचा उरलेला भाग. फळीवर स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक राहिला होता, तसा भ्रंशाच्या टोकांना तो राहतो, किंबहुना तेथे तो नव्याने वाढतो. सर्वांत मोठा उत्तरधक्का मुख्य भूकंपापेक्षा साधारण १.२ ने लहान असतो, म्हणजे ऊर्जेने साठ पट लहान. जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवल्याप्रमाणे त्यांची संख्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते; पहिल्या दिवशी शंभर झाले तर दहाव्या दिवशी सुमारे दहा. ऊर्जा कमी असली तरी आधीच तडकलेल्या भिंतीला तेवढी पुरते, म्हणून तपासणी होईपर्यंत अशा घरात झोपू नये.

वाटेत किती विरते?

लाटा निघाल्या की त्या पाण्यावरच्या तरंगांसारख्या पसरत जातात, आणि तीच ऊर्जा मोठमोठ्या घेरावर वाटली जाते. जमिनीच्या पोटातून जाणाऱ्या लाटांसाठी अंतर दुप्पट झाले की दर चौरस मीटरला मिळणारी ऊर्जा चौथाई होते. किल्लारी ते नाशिक हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. दहा किलोमीटरवरच्या गावाच्या तुलनेत नाशिकला केवळ पसरण्यामुळेच तेराशे पट कमी ऊर्जा पोहोचते. भूपृष्ठालगत धावणाऱ्या लाटा मात्र एवढ्या लवकर विरळ होत नाहीत, कारण त्यांचा घेर फक्त आडवा वाढतो. दूरच्या शहरात उंच इमारतीच त्या अधिक जाणवून घेतात, त्याचे एक कारण हे आहे.

पसरण्याखेरीज खडक स्वतः दर झोक्याला थोडी ऊर्जा उष्णतेत बदलतो. जलद झोके याच कारणाने आधी मरतात आणि संथ झोके दूरवर जातात, जशी लांबच्या मिरवणुकीतली झांज ऐकू येत नाही पण ढोल ऐकू येतो. द्वीपकल्पाचा जुना, टणक, फारशा भेगा नसलेला खडक ही उष्णतेतली गळती कमी करतो. भूजचा धक्का इतक्या दूरवर जाणवला आणि केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यामागे हा टणक खडक हेही एक कारण होते. मग अंतर कसे काढावे? पहिल्या, म्हणजे 'पी' लाटेचा हलका ठोका आणि नंतरची 'एस' लाटेची जोराची हिसकाहिसकी यांत किती सेकंद गेले ते मोजून आठने गुणावे. किलोमीटरमधले अंतर मिळते. किल्लारीचा भूकंप नाशिकला मोजला तर हा अवकाश सुमारे ४५ सेकंदांचा भरेल, पालघरच्या धक्क्यांसाठी बारा-तेरा सेकंदांचा. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, जिला आपण सगळे 'मेरी' म्हणतो, भूकंपांची नोंद घेतली जाते; घरी मात्र फायफॉक्ससारखे मोफत अॅप मोबाइलमध्ये घेऊन तो फळीवर ठेवावा, म्हणजे विटेच्या झटक्याचा आलेख तरी डोळ्यांनी पाहता येतो.

काळी माती, मुरूम आणि कातळ

नाशिकचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. पांडवलेणी ज्या कातळात कोरली तो हाच. पण शहरातील सगळी घरे कातळावर नाहीत. कुठे मुरूम आहे, कुठे काळी माती, कुठे गोदावरीने आणलेला गाळ. लाट टणक खडकातून मऊ मातीत शिरते तेव्हा तिचा वेग घटतो, आणि तीच ऊर्जा पुढे नेण्यासाठी तिचा झोका मोठा व्हावा लागतो. वाढीचा अंदाज काढण्यासाठी खडकाची घनता गुणिले वेग याला मातीच्या घनता गुणिले वेगाने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. खडकाची घनता २.८ व 'एस' लाटेचा वेग सेकंदाला २५०० मीटर, मातीची घनता १.८ व वेग २०० मीटर धरले, तर झोका चार पटींहून जास्त वाढतो.

मातीच्या थराला स्वतःचा एक ठेकाही, म्हणजे एका झोक्याला लागणारा ठरावीक वेळ, असतो. थराच्या जाडीची चौपट करून तिला मातीतल्या वेगाने भागले की तो सेकंदांत मिळतो. दहा मीटर मातीसाठी ०.२ सेकंद. इमारतीचा ठेका ढोबळमानाने मजल्यामागे ०.१ सेकंद. म्हणजे दहा मीटर मातीवरचे दुमजली घर त्या मातीच्या ठेक्यात सापडते आणि दर झोक्याला ऊर्जा अधिकाधिक आत घेते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले : केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते, पण जुन्या तळ्याच्या मऊ गाळाचा ठेका दोन सेकंदांच्या आसपास होता आणि मध्यम उंचीच्या इमारती त्याला बळी पडल्या. बांधकामापूर्वी मातीची तपासणी करून घेण्याचा खर्च जड वाटतो, पण तो टाळू नये.

शेवटचा हिस्सा घर कुठे जिरवते

घरात शिरलेल्या ऊर्जेला तीनच वाटा असतात : काही काळ घर डोलते, थोडी ऊर्जा प्रत्येक झोक्याला अंतर्गत घर्षणात जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर उरलेली ऊर्जा घराचे साहित्य वाकवण्यात किंवा मोडण्यात जाते. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीचे अवमंदन, म्हणजे डोलणे विझवण्याची तिची ताकद, हिशेबात पाच टक्के धरतात. ऐकायला ते किरकोळ वाटते, पण त्याचा अर्थ प्रत्येक पूर्ण झोक्याला डोलण्याची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. मोठ्या धक्क्यात मात्र जमीन याहून भराभर ऊर्जा आत ढकलत असते, आणि मग तिसरी वाट उघडते.

ही तिसरी वाट हातात धरून पाहावी. एक खडू आणि सळ्या बांधायच्या बाइंडिंग तारेचा वीतभर तुकडा घ्यावा. खडू वाकवला की कट्कन मोडतो; त्याने काही जिरवले नाही. तार मात्र एकाच जागी भराभर पुढे-मागे वाकवावी, आठ-दहा वेळा, आणि तो बाक लगेच ओठाला लावावा. चटका जाणवतो. आपल्या बोटांनी केलेले काम तारेने न तुटता उष्णतेत बदलले. द्राक्षबागेच्या मांडवाला तारा ओढणाऱ्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. तार तोडायची तर तो तिला असेच पुढे-मागे वाकवतो. भूकंपात टिकणारे घर खडूसारखे नव्हे तर या तारेसारखे वागावे लागते.

किल्लारी परिसरातील घरे खडूसारखी होती. ओबडधोबड दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन पाखांना आरपार बांधणारे दगड नाहीत, आणि वर मातीच्या माळवदाचे अवाढव्य ओझे. भिंत वाकून ऊर्जा जिरवू शकली नाही, तिची दोन पाखे सुटली आणि माळवद खाली आले. अशा घरात आरपार दगड घालणे, माळवदावरची माती कमी करणे आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा देणे, या तिन्ही गोष्टी गावातला गवंडी करू शकतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या लाकडी सांगाड्याच्या सांध्यांत घर्षणाने पुष्कळ ऊर्जा जिरते, परंतु खांबाचे बूड कुजले असेल किंवा वाळवी लागली असेल तर तो लाभ राहत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर खांबांची बुडे टोच्याने टोचून पाहावीत.

नव्या इमारतींत सर्वांत जास्त काळजी वाटते ती पार्किंगसाठी खाली मोकळा ठेवलेल्या मजल्याची. वरचे मजले विटांच्या भिंतींनी ताठ झालेले असतात, त्यामुळे वाकण्याचे सारे काम खालच्या मोजक्या खांबांवर येते, आणि संपूर्ण इमारतीची ऊर्जा त्यांच्या टोकांशी हातभर लांबीत जिरवावी लागते. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंप विभागात आहे, आणि आयएस १३९२० या मानकात त्या हातभर जागेला तारेसारखे वागायला लावण्याची कृती दिली आहे. तिचा गाभा म्हणजे खांबाच्या उभ्या सळयांना वेढणारी रिंग. काँक्रीट फुगून फुटू पाहते तेव्हा ही रिंग ते आवळून धरते. रिंग उघडली की खांब खडू होतो. रिंगचे टोक काटकोनात वाकवून सोडले तर वरचे काँक्रीट झडताच ती उलगडते. ते टोक १३५ अंशांत, म्हणजे खांबाच्या पोटात शिरेल असे, वाकवलेले हवे आणि वाकवल्यानंतरचा सरळ भाग रिंगेच्या सळईच्या जाडीच्या सहापट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नसलेला हवा. खांबाच्या वरच्या व खालच्या टोकांशी दोन रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे.

ओळखीच्या एका कुटुंबाच्या बांधकामावर मी हे पाहायला गेलो होतो, तेव्हा तळमजल्याच्या सगळ्या खांबांच्या रिंगा काटकोनात सोडलेल्या होत्या आणि फिटरच्या मते इतकी वर्षे तशाच चालत आल्या होत्या. फळ्या ठोकून झाल्या असत्या तर त्या दिसल्याही नसत्या. सुदैवाने काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडायचे होते. रात्रीतून टोके वाकवून घेतली. त्यासाठी लागले ते एक पाना, पाइपचा एक तुकडा आणि दोन माणसांचे चार तास. आपल्या बांधकामावर खांबाच्या फळ्या बसण्याआधी अर्धा तास काढावा, तळमजल्याच्या प्रत्येक खांबाच्या खालच्या आणि वरच्या टोकाशी जावे, रिंगेच्या टोकावरून बोट फिरवून ते आत वळले आहे का हे पाहावे, आणि दोन रिंगांच्या मध्ये मोजपट्टी धरावी.